मायनसराव

आमच्या कारखान्यातल्या वायरमनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाळीवर येण्याआधी तो सुपरवायझरच्या परीक्षेसाठी सर्किटमधल्या प्रवाहाचे किरचॉफचे नियम घोटायचा. वयोमर्यादेमुळे ती त्याची शेवटची संधी होती.

पेपरात दोन लूपच्या सर्किटचं गणित आलं. त्याने प्रवाहांच्या दिशा गृहीत धरून बाण काढले, समीकरणं सोडवली, आणि एका तारेतला प्रवाह उणे आला. कामावर मीटरचा काटा उलटा गेला की मीटरची टोकं चुकीची जोडली समजून आम्ही पुन्हा मोजायचो. त्यानेही सगळं खोडलं आणि पुन्हा सोडवलं. पुन्हा उणेच आलं. त्यातच वेळ संपला. तो नापास झाला, वायरमन म्हणून शिडीवरच राहिला. आम्ही त्याला मायनसराव म्हणू लागलो. तोही हसायचा.

पुढे त्याची मुलगी इंजिनिअरिंगला गेली. एकदा तिच्या वहीत तसंच उत्तर दिसलं.

"अगं, उणे आलंय. खोड ते."

"कशाला, बाबा? बाण उलटा धरला होता, एवढंच. प्रवाह दुसऱ्या दिशेने वाहतोय. उत्तर बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना तो हसला नाही. ओव्हरटाइम करून त्याने मुलीची फी भरली होती. त्याच पैशांनी त्याला कळलं, की पेपरातलं त्याचं पहिलं उत्तरच बरोबर होतं.