नामपूरकरांची हाक

मखमलाबादच्या कलाबाईला कशाची भीती वाटते, असं कुणी विचारलं असतं तर गावानं हसून सांगितलं असतं, भीती आम्हाला वाटते, कलाबाईची. नवरा चिमाजी गेल्यावर झेंडू-शेवंतीचं वावर तिनं एकटीनं सांभाळलं. फुलबाजारातल्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव घेतला. मळ्यात बिबट्या शिरला तेव्हा पत्र्याचा डबा बडवत त्याला बांधापार हाकललं.

पण एका गोष्टीपुढं तिची पाचावर धारण बसायची. मेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. सासरे वारले त्या महिन्यात दिवेलागणीला विहिरीकडून त्यांच्यासारखीच हाक आली. दोघी जावा चुलीपाशी होत्या. कलाबाई गप्प राहिली, लंकाबाई सवयीनं "ओ मामा, आले" म्हणून गेली. काही दिवसांतच ती तापानं फणफणली आणि गेलीच. डॉक्टरांनी कावीळ सांगितली. कलाबाईच्या लेखी कावीळ नुसतं निमित्त. जो पहिली ओ देईल त्याला न्यायचं, हा तिकडचा कायदा. उरलेल्याला हात लावायचा नाही.

आणि या बाईचं वेड काय, तर कारभारी नामपूरकरांचं गाणं. नामपूर, विंचूर, पिंपळगाव, जिथं यात्रेत त्यांचा कार्यक्रम तिथं कलाबाई हजर. लोक फर्माईशीच्या चिठ्ठ्या द्यायचे. नामपूरकर जाकिटाच्या खिशातून एक काढून नाव पुकारायचे आणि त्या माणसानं ओ दिल्याशिवाय गाणं सुरूच करायचे नाहीत. कलाबाईची चिठ्ठी कधी निघाली नाही. ते वारले तेव्हा ती फुलांची पाटी घेऊन नामपूरला गेली, सरणावर स्वतःच्या हातानं फुलं वाहिली आणि घरचं माणूस गेल्यासारखी रडली.

म्हणून मुलगा संतोष जेव्हा म्हणाला, "आई, नामपूरकरांचा होलोग्राम येतोय गंगापूर रोडच्या लॉन्सवर," तेव्हा तिला वाटलं, पडद्यावर जुना कार्यक्रम दाखवणार असतील. सून उज्ज्वला घरी थांबली; संतोष आणि नात वेदिकाला घेऊन ती हौसेनं गेली.

दिवे मालवले. स्टेजवर धूर सुटला आणि त्या धुरातून नामपूरकर चालत आले. पडदा नाही, काही नाही. तोच गुलाबी फेटा, तेच उपरण्यानं कपाळ पुसणं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चपला काढून हात जोडले. एका बाईनं कडाकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. पोरं शिट्ट्या मारत मोबाईल उंचावून उभी राहिली. शेजारचा माणूस ढसाढसा रडत होता आणि हसतही होता.

कलाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. या माणसाला जळताना तिनं पाहिलं होतं. तिनं आधी त्यांच्या पायांकडं पाहिलं, सुलटे आहेत की उलटे. धुरात पायच दिसेनात.

"संतोष, चल घरी."

"आई, आत्ता तर सुरू झालं!"

तेवढ्यात नामपूरकरांनी जाकिटाच्या खिशात हात घातला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिठ्ठी उघडली.

"मखमलाबादची वेदिका! हाय का?"

संतोष आनंदानं उडालाच. "मीच टाकलं होतं नाव मोबाईलवर! कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलतो, आई!"

कलाबाईला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिनं झडप घालून नातीच्या तोंडावर हात दाबला.

"वेदिका! हाय का गं पोरी?"

"आई, सोड तिला! मशीन हाय ते!"

"मेलेलं हाय ते!" कलाबाईनं हात आणखी घट्ट दाबला. लोक माना वळवून बघायला लागले. दिव्याचा झोत वेदिकाला शोधत रांगांवरून फिरू लागला. पोरीनं हिसडा मारून हात सोडवला, खुर्चीवर चढली आणि छाती भरून श्वास घेतला.

"वेदिका!"

"ओ!" कलाबाई ताडकन उभी राहून ओरडली. "मी हाय! मीच हाय!"

झोत तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर आला. लोक खदखदून हसले, मग टाळ्या वाजल्या. नामपूरकरांनी तिच्या दिशेनं हसून मान डोलावली आणि गाणं सुरू केलं.

वेदिका रडकुंडीला आली. "आजी, माझं नाव होतं ते! तू कशाला ओ दिली?"

कलाबाई मटकन खाली बसली. पोरीला मांडीवर ओढून तिनं घट्ट धरून ठेवलं. गाणं संपल्यावर तिनं संतोषकडं पाहिलं.

"उद्यापासून उज्ज्वलाला माझ्याबरोबर बाजारात पाठव," ती म्हणाली. "व्यापारी सगळे तिच्या ओळखीचे झाले पायजे. भाव कसा भांडून घ्यायचा, ते तिला दाखवून ठेवते."