बोलत उचलायचं

लग्न झाल्यापासून आमचे मालक माझ्याशी जेवढं बोलले, त्यापेक्षा जास्त शेवटच्या दीड-दोन वर्षांत बोलले. प्रेम उतू गेलं म्हणून नाही. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईनं सांगितलं म्हणून.

ते धान्याच्या मोंढ्यात हमाल होते. आधी जुन्या मोंढ्यात, मग बाजार जाधववाडीला गेला तेव्हा तिथं. हमाल पाठीवर पोतं घेतो तेव्हा दम कोंडतो. छाती भरून घ्यायची, ओठ मिटायचे आणि पोतं थप्पीला लागेपर्यंत सोडायचे नाहीत. बोललं की कंबर सुटते, असं सगळे हमाल मानतात. दिवसभर तोंड मिटून राहिलेला माणूस घरी येऊन काय बोलणार? वाढलं की जेवायचे. पाणी हवं असलं की तांब्याकडं बघायचे, मी भरून द्यायची. मारझोड नव्हती, दारू नव्हती. नवरा बोलत नाही ह्याला आमच्यात कोणी गाऱ्हाणं धरत नाही.

हमाली सोडल्यावर एका सकाळी अंघोळ करून आले आणि डावा हात दाबत बसले. म्हणाले, शीर ओढली. जबडाही दुखतोय म्हणाले. हमालाला सगळं दुखणं शिरेचंच वाटतं. मी तेल कोमट करून आणलं. मुलगा शेंद्र्याला कंपनीत जातो, त्याची दुपारची पाळी होती म्हणून घरी होता. त्यानं बापाच्या कपाळावरचा घाम बघितला आणि तेलाची वाटी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हृदयात जाळी बसवली. वाचले.

घरी आणल्यावर बापलेकाचा वाद सुरू झाला. मुलानं मोबाइलवर बघितलं होतं की हृदयाला चालणंच मानवतं आणि वजन म्हणजे विष. त्यानं बापाला पाण्याची कळशीसुद्धा उचलू द्यायची नाही असं ठरवलं.

"आबा, बरं वाटलं की रोज सकाळी चालायला जायचं."

"कुठं?"

"कुठं नाय. नुसतं जायचं आन् यायचं."

"हात हलवत?"

"व्हय, हात हलवत."

"लोकं विचारतील, काय हरवलं का म्हणून."

मुलगा हसला, पण हे हसत नव्हते. रिकाम्या हातानं ते जन्मभर फक्त परत फिरताना चालले होते, पुढचं पोतं आणायला. बिनकामाचं चालणं म्हणजे पेन्शनवाल्यांचं काम, असं त्यांचं मत. वर ते म्हणायचे, "मी वजन उचललं म्हणून ह्या वयापर्यंत टिकलो. माझा व्यायाम करून झालेला हाय." मुलगा म्हणायचा, "तोच नडला तुम्हाला." असं रोज चालायचं. मी दोघांना वाढायची.

जाळी बसवून दोन महिने झाले तेव्हा दवाखान्यात व्यायामाच्या बाईकडं पाठवलं. आमच्या सुनेच्या वयाची असेल. दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. चालण्यानं हृदयाला ताकद येते, रक्ताचा दाब आटोक्यात राहतो, ते पहिलं औषध. पण नुसतं चाललं आणि हातापायाचं मांस झडू दिलं, तर उद्या जिना चढताना त्याच हृदयाला जास्त राबावं लागणार. म्हणून मधल्या दिवशी हलकं वजनही उचलायचं. दोन्ही मिळून हृदय सांभाळतात.

मी विचारलं, "ह्या माणसानं जन्मभर वजनच उचललं. मग ह्यालाच का झालं?"

तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी पाण्यानं भरलेली बाटली ह्यांच्या हातात दिली आणि उचलून दाखवा म्हणाली. ह्यांनी छाती भरली, ओठ मिटले आणि क्विंटलभराचं पोतं उचलावं तशी ती लिटरभराची बाटली उचलली. बाई हसायला गेली आणि हसता हसता थांबली.

"काका, हे आता बंद. दम कोंडून उचललं की रक्ताचा दाब एकदम वर चढतो. तुमच्या हृदयाला ते झेपणार नाही. उचलताना श्वास सोडायचा. साधी परीक्षा सांगते. चालताना आणि उचलताना बोलता आलं पाहिजे. बोलणं बंद पडलं की समजायचं, जास्त झालं."

"काय बोलू?"

"काहीही. मावशींशी बोला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तांब्याकडं बघायचे तसंच.

आता हे दोन्ही करून घेणं माझ्याच गळ्यात आलं. मुलगा पाळीला, सून तिच्या कामाला. माणूस जगवायचा होता, म्हणून मी ते धरलं.

चालायचं मी असं केलं. आमच्या गल्लीत चक्की आहे. मी म्हटलं, हिचं पीठ करपतं, हर्सूलला गावात चक्की आहे तिथून दळण आणा. दोन किलो ज्वारी पिशवीत घालून हातात दिली.

ते म्हणाले, "म्हातारे, लग्न करून आलीस तवापासून ह्याच चक्कीचं पीठ खातीस. आजच बरं करपायला लागलं."

"आज कळलं."

"आन् दोन किलो? पोरीच्या खेळण्यातलं दळण हाय का हे?"

"जास्त दळलं की किडं होतात."

ज्वारीच्या पिठाला इतक्या लवकर किडं होत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. पण हातात पिशवी आली होती. पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाला कोणी काय हरवलं विचारत नाही. ते गेले. चक्कीवर बाकड्यावर बसायचे, पीठ झालं की परत यायचे. पिशवी खांद्यावर घ्यायची नाही, हातात लोंबती धरायची, दमलं की हात बदलायचा, असं मी बजावलं होतं. घरात पीठ खपेना. मी ते शेजारच्या बायकांना वाटायची. एकजण म्हणाली, "मावशी, तुमचे मालक रस्त्यानं एकलेच बडबडत जातात, डोक्याला काय झालं का?" म्हटलं, "डोक्याला नाय. दवाखान्याची बडबड हाय."

ज्या दिवशी दळण नाही, त्या दिवशी बाटल्या. ते खुर्चीवर बसायचे, मी समोर भाजी निवडायला. पहिल्या दिवशी दोन्ही बाटल्या उचलून गप्प.

"बोला."

"काय बोलू?"

"काय बोलू, काय बोलू, हेच म्हणत ऱ्हावा."

थोडे दिवस त्यांनी आकडे मोजले. मग आकड्यांचा कंटाळा आला. एक दिवस बाटल्या वर नेता नेता म्हणाले, "सिल्लोडचा मका."

"काय?"

"सिल्लोडचा मका पाठीवर गुमान बसतो. तूर टोचते. सरकीचं पोतं दिसतं हत्तीएवढं आन् असतं हलकं, नव्या माणसाला फसवतं. मीठ लई वाईट. पाठ खातं."

मी त्यांच्या पाठीला जन्मभर तेल लावलं. कोणत्या दिवशी मीठ उचललं हे मला कधी कळलं नव्हतं.

तिथून सुरू झालं. करमाडहून बैलगाडीनं ज्वारी यायची त्या वेळचं सांगितलं. कोणता मुकादम शिव्या द्यायचा, कोण स्वतःच्या डब्यातलं वाढायचा, ते सांगितलं. एकदा म्हणाले, लग्नात तू लई काळी दिसली होतीस, मला वाटलं फसवलं. मी म्हटलं, मला तुम्ही मुके वाटला होतात. त्यावर ते इतके हसले की बाटली हातातून सुटली.

आणि एकदा म्हणाले, "ती पोर लई हलकी होती."

आमची पहिली मुलगी. दोन महिन्यांची असताना तापात गेली. ती गेल्यापासून ह्यांच्या तोंडून तिचं नाव नाही, रडणं नाही, काही नाही. मी मनात धरून होते की ह्या माणसाला काही वाटलंच नाही. ते बाटल्या वरखाली करत होते, बाईनं सांगितलं तसा श्वास सोडत.

"मी तिला पुरायला हातावर नेली. वजनच नव्हतं. पोत्याची सवय असली की वजन नसलेलं उचलता येत नाय. रस्त्यात दोनदा बसलो."

मी मेथी निवडत होते. निवडत राहिले. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या, म्हणाले, "झालं आजचं," आणि तांब्याकडं बघितलं.

बाईनं पुढच्या खेपेला तपासलं तेव्हा ती खूश होती. बाटल्यांत पाण्याऐवजी वाळू भरा म्हणाली. जिना चढताना ह्यांचं बोलणं तुटत नव्हतं. मुलगा म्हणाला, "माय, आबा आता काय थांबत नाय बघ." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. वाटायला नको होतं.

हमालांत एक रीत आहे. कोणाच्या पाठीवरचं पोतं घसरायला लागलं, तर जवळ जो हमाल असेल त्यानं हातातलं टाकून खांदा लावायचा. विचारायचं नाही. कारण घसरतं पोतं माणसाचा मणका मोडतं. आपलं भांडण असलेला माणूस असला तरी खांदा लावायचा. हे शिकवत नाहीत, ते अंगातच असतं.

पुढचं मला चक्कीवाल्यानं सांगितलं. हे बाकड्यावर दळणाची वाट बघत बसले होते. दारात गव्हाचा टेंपो लागला होता. पोती उतरवणारा एकजण पाठीवर पोतं घेऊन आत येत होता, उंबऱ्यात त्याचा पाय मुडपला आणि पोतं एका बाजूला कलंडलं. हे उठले. चक्कीवाला काका, नको, म्हणेपर्यंत ह्यांचा खांदा पोत्याखाली होता. तो माणूस बाजूला झाला. पोतं ह्यांच्या पाठीवर आलं. खाली टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? गहू सांडला असता. पण ह्यांनी ते नेलं, थप्पीवर चढवलं, कोपरा कोपऱ्याला लावून नीट बसवलं. मग थप्पीला टेकून खाली बसले, ते उठले नाहीत.

मी चक्कीवाल्याला एवढंच विचारलं, "नेताना काही बोलत होते का?"

तो म्हणाला, "नाय मावशी. तोंड गच्च मिटलेलं होतं."

मुलानं पिठाची पिशवी आणून माझ्याजवळ ठेवली. त्याला काय करावं कळत नव्हतं म्हणून आणली असेल. पिशवी अजून कोमट होती.

दहाव्याला तो पोत्याचा माणूस आला. पायाला पट्टी होती. दारातच बसला, आत येईना. म्हणाला, "माय, त्यांनी मला वाचवलं." मी त्याला चहा दिला. मी म्हटलं, तुझी चूक नाही, आणि ती नव्हतीच. पण कप त्याच्या हातात देताना मनात आलं, ह्याचा मणका मोडला असता तर चाललं असतं. तो चहा पिऊन गेला. मला आजही तेच वाटतं.

ते पीठ तेरा दिवस तसंच राहिलं. मग मी त्याच्या भाकरी केल्या. पीठ शिळं झालं होतं, भाकरी चिरा पडून तुटत होती. खाल्ली. दुसरं काय करणार होते?

परवा माझा दाब तपासायला गेले तेव्हा व्यायामाची बाई भेटली. तिला कळलं होतं. मी तिला विचारलं, "वजनानं गेले का दम कोंडल्यानं?"

ती म्हणाली, "नक्की सांगता येणार नाही मावशी. एवढं वजन आणि त्यात दम कोंडलेला, दोन्ही वाईट. पण बाकड्यावर बसल्या बसल्याही झालं असतं, असंही होतं." खोटं बोलली नाही, ते बरं वाटलं. निघताना माझा दंड दाबून म्हणाली, "तुम्हीपण चाला रोज. आणि त्या बाटल्या आहेत ना घरात? उचला. तुमच्या हृदयालाही लागतं, हाडांनाही."

चालते मी. सकाळी दोन किलो ज्वारी घेऊन हर्सूलला जाते, त्या बाकड्यावर बसते, पीठ घेऊन येते. रस्त्यात ओळखीच्या बायका भेटतात, त्यांच्याशी दोन शब्द होतात.

वाळूच्या बाटल्या त्यांच्या खुर्चीखाली आहेत. एकदा सून झाडताना काढायला लागली, मी तिला ओरडले. नंतर घरात कोणी नसताना मी खुर्चीवर बसून दोन्ही उचलून बघितल्या. जड नाहीत, मला पेलतात. बोलायला तोंड उघडलं. समोर भाजी निवडायला कोणी नव्हतं. माझे ओठ आपोआप मिटले आणि छाती भरून आली.

बाईनं सांगितलं होतं, बोलणं बंद पडलं की थांबायचं. मी बाटल्या खाली ठेवल्या.