गोणीचा टाका

बकुळाताईला मी तोंडावर शिव्या दिल्या आहेत. तिच्या हातचा भात मी पाच दिवस खाल्ला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तिचं चांगलं लिहिलेलं वाचून कोणाला वाटायचं, ही बाई पहिल्यापासून तिच्या बाजूची होती. नव्हते.

आम्ही दोघी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कामाला. ती मशीनवर, मी धागे कापायला. माहेर तिचं बदलापूरच्या पलीकडे, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. नवरा काविळीने गेला तेव्हा मुलगी, तेजल, दुसरीत होती. मशीन मारून मारून हिने तिला बारावी केलं, आणि बारावी झाल्यावर पोरगी म्हणाली, आई, मला पण शिवायचंच आहे. मग दोघींच्या मशीन शेजारीशेजारी.

"तेजे, हळू. पायाखाली मशीन आहे, रिक्षा नाही."

"तू शिवशील तोवर फॅशन बदलेल, आई."

दिवसभर हेच चालायचं. आम्हा बाकीच्या बायकांना वेगळा रेडिओ लागायचा नाही.

ते वरून, आभाळातून, आले ते चैत्रात, पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी. कुठून आले ते शिकलेल्यांना विचारा. आमच्या पट्ट्यात, शहाडपासून बदलापूरपर्यंत, एकोणीस उतरले. एकोणीस म्हणजे थोडे वाटतील. पण एकाने नुसता हात झटकला की माणूस भिंतीवर जाऊन आपटायचा. गोळ्या त्यांच्या अंगात रुतून बसायच्या, मुरंब्यात लवंग बसते तशा. अंग सगळं तसंच, लिबलिबीत, बिनहाडाचं. म्हणून वरून जाड पोशाख घालायचे, रबरासारखा, आणि आत पाणी भरलेलं. हवा लागली की ते सुकायचे.

फसले ते आमच्या उन्हात. त्यांचे पोशाख कसल्याशा चिकाने जोडलेले होते. वैशाख यायचा होता, तरी अंबरनाथ-बदलापूरकडे पारा चढला आणि चीक वितळला. पाठीची जोड गळ्यापासून टाचेपर्यंत उसवायला लागली. म्हणून त्यांनी शिवणाऱ्या बायका शोधल्या. आमच्या कारखान्याला बाहेरून कड्या घातल्या. आत आम्ही, तेजल धरून, बावीस बायका. शेठ आधीच पळाला होता. मागच्या बाजूला जीन्स धुवायच्या मोठ्या टाक्या होत्या, त्यात हे एकोणीस जण म्हशींसारखे डुंबत बसले. आम्ही त्यांना पाव्हणे म्हणायचो. त्यांच्यातला जो हुकूम सोडायचा तो मुकादम.

मुकादमाच्या गळ्यात एक डबी होती. आपण बोललो की ती त्याच्या भाषेत सांगायची, तो बोलला की मराठीत. मराठी एकदम शुद्ध, शाळेतल्या गुरुजींसारखी. पण डबी सावकाश होती. मी मोजलं होतं. आपलं वाक्य संपल्यावर एक ते पाच मोजेपर्यंत त्याला काही कळायचं नाही.

पहिला पोशाख तेजलने शिवायला घेतला. कापड जाड, सुई तुटली, तुकडा मुकादमाच्या हाताला लागला. त्याने तिला उचललं आणि जीन्स धुवायच्या फिरत्या ड्रममध्ये टाकून झाकण लावलं. बटण त्यानेच दाबलं. बंद करायला मात्र बकुळाताईला शेजारी उभं केलं, आणि हात लावू दिला तो त्याचं समाधान झाल्यावर. डबी म्हणाली, "एक कामगार कमी झाला. उर्वरितांनी काळजीपूर्वक काम करावे."

रात्रभर ती बाई रडली नाही. आम्हीच रडलो. आणि सकाळी उठून ती मुकादमापुढे उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "मुलगी हट्टी होती, साहेब. काम मी करून देते. मला तुमच्या हाताखालची करा."

मी तिथेच थुंकले. म्हटलं, "आई आहेस का कोण आहेस गं तू?" तिने माझ्याकडे बघितलं पण नाही. इंदुबाई, आमच्यातली सगळ्यात वयस्कर, मोठ्याने म्हणाली, "पाव्हण्यांची लाडकी झाली! आता हिला मुंडावळ्या बांधा." मुकादमाने डबीतून ते सगळं ऐकलं.

त्याने तिला आमच्यावर नेमलं.

आता कुंकवाचं सांगते, कारण ते माझ्यामुळे झालं. मला जन्माची सवय आहे. नवीन कपडा अंगावर घालण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं. माझी आई लावायची, मीही लावते, मग ते नवऱ्याचं बनियन का असेना. कारखान्यात देवीच्या फोटोखाली करंडा असायचाच. बकुळाताईने पहिला पोशाख शिवून खाली ठेवला आणि माझं बोट आपोआप करंड्यात गेलं आणि टाचेजवळ टेकलं. शत्रूचा कपडा आहे हे बोट टेकल्यावर कळलं मला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुकादमाने विचारलं, "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बकुळाताई म्हणाली, "शिवण पक्की करायची पूड, साहेब. ही नाही लावली तर दोरा सुटतो."

मी बोट पदराला पुसलं.

तो काही खुळा नव्हता. म्हणाला, दोन तुकडे शिवा, एकाला लावा, एकाला नको. तिने शिवले. कुंकू लावलेला त्याने ओढला, दोन्ही हातांनी ताणला, शिवण हलली नाही. मग बिनकुंकवाचा तिने आपल्या हाताने त्याच्यापुढे धरला. त्याने ओढला आणि टरटरटर करत शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली. डबी म्हणाली, "पूड अनिवार्य."

तिच्या मुठीत दोऱ्याचं टोक होतं, ते तेव्हा मलाही दिसलं नाही. मला वाटलं देवीनेच केलं. मी मनात नमस्कार पण केला.

रोज एक पोशाख व्हायचा. शिवायची ती एकटी. मुकादम प्रत्येक शिवण ताणून बघायचा. आमच्याकडून कापायचं, धुवायचं काम. आणि रोज सकाळी पाव्हणे दहा किलो तांदळाची गोणी आत टाकायचे, कोणाचं दुकान फोडून आणलेली. ती गोणी उघडायची आम्हाला कात्री मिळायची नाही. बकुळाताईने नियमच काढला: रोज वेगळ्या बाईने उघडायची, तिच्या देखत.

"भारती, तू ये. टोक शोध. हे नव्हे, शेवटचं. दोरा जिथे संपला तिथून. एक बोट आत घाल, आणि झटका दे."

गोणी उघडणं कोणाला येत नाही? गोणीचा टाका साखळीचा असतो. सुरवातीच्या टोकाने ओढलात तर घट्ट बसतो, दिवसभर कुरतडत बसा. शेवटच्या टोकाने ओढलात तर एका झटक्यात सगळी मोकळी. तरी ही बाई लहान पोरांना शिकवावं तसं शिकवायची. जिचं चुकलं तिला दुसऱ्या दिवशी परत. आम्ही म्हणायचो, मुकादमाच्या जिवावर किती मिजास! इंदुबाईची पाळी आली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मी तुझी मोलकरीण नाही. भात नको मला. तूच उघड आणि तूच गीळ."

बकुळाताई तिच्यापुढे वाकली. "इंदुबाई, एकदाच. तुमच्या पाया पडते."

"तेजलसाठी त्याच्या पाया पडली असतीस तर बरं झालं असतं."

बकुळाताई गेली निघून. त्या दिवशी गोणी तिने स्वतःच उघडली.

सोळाव्या-सतराव्या पोशाखाला मी धीर करून डबीला विचारलं, सगळं झाल्यावर आम्हाला घरी सोडणार का. डबी म्हणाली, "कार्य पूर्ण झाल्यावर कामगार अनावश्यक ठरतील." म्हणजे काय ते आम्हाला शुद्ध मराठीत समजलं. मी बकुळाताईकडे गेले. म्हटलं, "ऐकलंस? हळू शीव ना गं. निदान चार दिवस."

ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मी तर जोरात शिवणार."

मग मी शिव्या दिल्या. ज्या माझ्या तोंडून माझ्या सासूलाही कधी गेल्या नव्हत्या, त्या.

एकोणिसावा पोशाख झाला. बकुळाताईने मुकादमाला सांगितलं, "साहेब, सगळ्यांनी एकदमच घाला. पूड घातल्यावर लावायची, टाचेला, आणि उन्हात. ऊन लागलं की ती धरते. प्रत्येकाच्या मागे एक बाई लागेल."

त्यांना उन्हातच पोशाख पारखायचे होते. त्यांना ते पटलं.

भर दुपारी बारा वाजता आवारात रांग लागली. सिमेंटवर पाय ठेवता येत नव्हता. पुढे एकोणीस पाव्हणे, नवीन पोशाखात, पाण्याने टम्म भरलेले, आमच्याकडे पाठ करून. मागे आम्ही एकोणीस बायका, हातात कुंकवाची वाटी. दोघी उरल्या त्या दाराशी. बकुळाताई मुकादमाच्या मागे. मी तिच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला इंदुबाई.

मी टाचेशी वाकले. बोट कुंकवात बुडवलं आणि समोर शिवण बघितली.

वीस वर्षं मी जीन्सचे धागे कापते. साखळीच्या शिवणीच्या शेवटी आडवा पक्का टाका मारतात, त्याला आम्ही बारटेक म्हणतो. तो नसला तर माल परत येतो. इथे तो नव्हता. साखळी टाचेपर्यंत आली होती आणि दोन बोटं दोरा आत दुमडून ठेवला होता, ज्या जागी कुंकू लावायचं बरोबर त्या जागी. गोणीचा टाका.

मी मान वळवली. बकुळाताई माझ्याकडेच बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

"बायांनो," ती मोठ्याने म्हणाली, "गोणी सोडा."

एक. मी बोट आत घातलं. दोन. झटका दिला. डबीला पाच लागतात.

तो आवाज मी विसरणार नाही. वीस गोण्या एकदम उघडल्यासारखा. पाठी टाचेपासून मानेपर्यंत उभ्या फाटल्या आणि पाणी भसाभसा सिमेंटवर आलं, आणि तापलेल्या सिमेंटवर त्याची वाफ. पाव्हणे वळायला गेले तर आतलं अंग मागून बाहेर घसरलं. उन्हात पडल्यावर फार वेळ लागला नाही. मी एरवी मुंगीला पाय लागला तर हात जोडते. त्या दिवशी मी कडेला उभी राहून बघितलं आणि मला बरं वाटलं.

इंदुबाईचा मात्र दोरा अडला. तिने भलतंच टोक धरलं, टाका आवळून बसला. तो तिच्यावर वळला आणि हात झटकला. इंदुबाई भिंतीला लागली, उजवा हात कोपरापासून मोडला. दुसरा झटका द्यायच्या आत मी आणि भारतीने त्याच्या टाचेशी झेप घेतली. टोक भारतीला सापडलं. तिने दोनदा शिकलं होतं.

आणि मुकादम? बकुळाताईने त्याचा दोरा सगळा सोडला नव्हता. कमरेपर्यंतच ओढला आणि हातावर गुंडाळून धरला. तो गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. हात उचलायचा प्रयत्न केला, पण आत पाणी नसलं की त्यांचे हात म्हणजे ओलं फडकं. डबी बोलत होती. "शिवण सदोष आहे. पूड लावावी."

"पुडीने काही होत नाही," बकुळाताई म्हणाली.

डबी पाच मोजेपर्यंत गप्प. मग, "दुरुस्ती करावी."

"करणारी होती एक. तुझा पहिला पोशाख तिने घेतला होता शिवायला. तिने बारटेक मारला असता. तिला काम अर्धवट सोडायची सवय नव्हती."

ती आतून मशीनचं स्टूल घेऊन आली आणि उन्हातच त्याच्यापुढे बसली. मध्येमध्ये दोरा वीतभर सोडायची. मी म्हटलं, ताई, सोड ना आता सगळा, सावलीत चल. ती म्हणाली, "बटण बंद करायला त्याने मला किती वेळ उभं केलं होतं, मोजलं होतंस?" मी मोजलं नव्हतं. तिने मोजलं होतं. तेवढा वेळ झाल्यावर तिने शेवटचा झटका दिला आणि उठली.

बाकीच्या ठिकाणी पाव्हण्यांचं काय झालं ते पेपरात आलं तेवढंच मला माहीत. आमच्या पट्ट्यात एकही उरला नाही.

बकुळाताई आता चाळीतच साड्यांना फॉल लावून देते. कारखान्यात परत गेली नाही. इंदुबाईचा हात वाकडा जुळला आहे, ती दर रविवारी बकुळाताईकडे जाते आणि दोघी जणी चहा पितात. मीही जाते. एकदा सोमवारचा उपास सोडून गेले आणि तिचे पाय धरले. म्हटलं, "मी तुला काय काय बोलले, ताई. माफ कर."

तिने पाय मागे घेतले. "खुळी आहेस का, सुंदरा? तू शिव्या दिल्या नसत्यास तर त्याला मी खरी वाटले असते का? तुला सांगितलं असतं तर तुला तशा जमल्याही नसत्या."

दोरा दाताने तोडून ती सुईत ओवत बसली. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"ताई, झालं का समाधान?"

तिने गाठ मारली. साडीची किनार ताणून बघितली, परत बघितली.

"एकोणीस होते," ती म्हणाली. "नाही पुरले."