वंदनाने बसच्या माईकवर सांगितलं ते

वंदना पुढचे उपचार घेणार नाही, हे मला बसच्या माईकवरून कळलं. बसभर अनोळखी माणसांबरोबर.

आज पहाटे ती गेली.

बरेच जण फोन करून विचारताहेत, "ट्रीटमेंट का थांबवली?" प्रत्येकाला वेगळं सांगणं मला जमत नाही. म्हणून इथे एकदाच लिहितो.

माझी कंपनी भोसरीत, सुट्टी गुरुवारी. ती शाळेच्या ऑफिसात, सुट्टी रविवारी. लग्नानंतरची सगळी वर्षं अशीच गेली. रविवारी ती ग्रुपबरोबर जुनी देवळं बघायला जायची. मी शिफ्टला.

दिवाळीनंतर कॅन्सर परत आला. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा केमो देऊन बघू, सोमवारी काय ते कळवा.

आदल्या दिवशी जुन्नरची ट्रिप होती. मी रजा टाकून बरोबर गेलो. देवळं बघायला नाही. दिवसभरात तिच्याकडून केमोला हो म्हणवून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

पिंपळे सौदागरहून निघालेली बस चाकणला नेहमीसारखी अडकली. पोहे तिथेच वाटले.

आधी नदीकाठचं पडकं देऊळ. शिखर नाही, खांब उघड्यावर. गाईड मॅडम एका देवीपाशी थांबल्या. हात तुटलेले, छाती फुटलेली.

"खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. म्हणून ही बाहेर."

वंदनाचंही ऑपरेशन छातीचंच होतं. मी म्हटलं, "चल, पुढे जाऊ."

"थांबा हो. बघू द्या मला नीट."

ती बराच वेळ बघत राहिली. मी दुसरीकडे बघत राहिलो.

दुपारी जुन्नरची जुनी बाजारपेठ. कोकणातून घाट चढून आलेला माल पूर्वी इथे उतरायचा, असं मॅडम सांगत होत्या. दुसऱ्याच गल्लीत वंदना दमली. एका भांडेवाल्याने स्टूल पुढे केलं.

"बसा ताई. दुपारी गिऱ्हाईक नसतंच. तुम्ही बसलात तर शेजारच्याला वाटेल, आमचा धंदा चाललाय."

ती हसली. मी संधी साधली.

"उद्या हो सांगू ना? मुक्ताचं लग्न बघायचं नाही का तुला?"

"माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तुम्ही मुलीचं लग्न काढलंत." मग ती भांडेवाल्याकडे वळली. "तांब्या इथेच घडवतात का?"

"आता कुठं ताई. पुण्याहून येतो."

नाही म्हणाली नाही, म्हणजे हो, असं मी धरून चाललो.

परतीच्या वाटेवर या ग्रुपची पद्धत आहे. प्रत्येकाने माईक घेऊन अभिप्राय द्यायचा. कोणी जेवणाचं कौतुक केलं, कोणी मॅडमचं. मग माईक वंदनाकडे आला.

"नमस्कार. मला कॅन्सर आहे. उद्या मी डॉक्टरांना नको म्हणून सांगणार आहे. आता घरीच राहणार. मिस्टरांना दिवसभर सांगता आलं नाही, ते लगेच मुलीच्या लग्नावर येतात. ट्रिप छान झाली. धन्यवाद."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच कळेना. मॅडमनी गडबडून माईक पुढच्या माणसाला दिला.

पुढचा माणूस मीच होतो.

"मी यांचा मिस्टर," मी म्हणालो. "पोहे चांगले होते."

आणि खाली बसलो.

वंदना खिडकीकडे तोंड करून हसत होती. खूप हसली. मग म्हणाली, "एवढंच?"

"इथे काय बोलू मी?"

"नका बोलू. पण मला परत हॉस्पिटलात न्यायचं नाही. शब्द द्या."

मंचर मागे पडलं. राजगुरुनगर आलं. तेव्हा कुठे मी हो म्हणालो.

ज्यांना वाटतंय की घरी सगळं शांतपणे झालं, त्यांच्यासाठी लिहितो. तसं झालं नाही. नर्सताई इंजेक्शन देऊन जायच्या, ते पुरायचं नाही. ती उशी दातात धरायची. मुक्ता माझ्याशी बोलेनाशी झाली. नातेवाईक म्हणाले, माणूस आहेस का तू?

गेल्या आठवड्यात एकदा वंदना स्वतःच म्हणाली, "न्या मला."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी खाली गेटवर आली, तोवर ही म्हणाली, "नको. मी तेव्हा दुखण्यात बोलले." मी खाली जाऊन गाडी परत पाठवली.

तो जिना परत चढणं मला फार जड गेलं.

तिला हवं तसं झालं. मला हवं तसं नाही.

मी बरोबर केलं की चूक, ते कृपया कमेंटमध्ये लिहू नका.

वंदना, शब्द पाळला. जा आता.