खोडी काढायला माणूस हवा

टेम्पोत कपाट चढलं, गाद्या चढल्या, मी चढायला गेलो तर पायात एकच चप्पल. दुसरी मोरेकाकांच्या हातात, पाठीमागे लपवलेली. शेजारच्या खोलीतले मोरेकाका, सत्तरीला टेकलेले. "एक राहू दे रे इथे," म्हणाले, "न्यायला तरी येशील." सगळी चाळ हसली, काकूंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी एका पायात चप्पल घालून डोंबिवली सोडली. लोक अमेरिकेला जातात. मी ठाण्याच्या कोलशेतला गेलेलो, टॉवरमध्ये. चाळकऱ्यांनो, खरं सांगतो, अमेरिका जवळ पडली असती.

माझ्या एका गुणासाठी आईकडे शब्दांचा अख्खा डबा होता. जिन्यात धावलो की मस्ती. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं की वात्रटपणा. मिसरूड फुटल्यावर तेच बोललो की चावटपणा, तोही आवाज खाली करून. घड्याळ उघडून बसलो की उचापत. आणि कोणाला डिवचलं की खोडी. "खोडी आपल्या माणसाची काढावी," ती म्हणायची, "परक्याची काढलीस तर ती कुरापत." मार मात्र सगळ्याला सारखाच.

होळीला तर खोडी हा हक्कच. कोणाच्या दारातलं फळकुट, मोडका पाट पळवायचा. ज्याचा गेला त्याने गॅलरीत येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. होळीत पडलेलं लाकूड परत मागायचं नाही. एका वर्षी आम्ही मोरेकाकांच्या दाराला हातच लावला नाही, तर रुसले. "माझ्यावर काय राग आहे का रे?"

तर कोलशेतची पहिली होळी. समोरच्या फ्लॅटमधले साळवी माझ्याच वयाचे, मूळचे चिपळूणकडचे. वाटलं, शिमग्याच्या मुलखातला माणूस, जमणार आपलं. त्यांच्या दाराबाहेर भंगारात द्यायला काढलेली लाकडी खुर्ची होती. ती डोक्यावर घेतली, दारासमोर दणदणीत बोंब ठोकली आणि लिफ्टपाशी मुद्दाम रेंगाळलो. म्हटलं, आता दार उघडेल, आता शिवी येईल. लिफ्ट आली. शिवी काही आली नाही.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझा सीसीटीव्हीतला व्हिडिओ. डोक्यावर खुर्ची, चेहऱ्यावर दिग्विजय! खाली सेक्रेटरींचं एकच वाक्य: असलं मिसचीफ इथे चालणार नाही. आईचा अख्खा डबा एका शब्दात गुंडाळून टाकला. मी तडक साळवींकडे गेलो. दार अर्धंच उघडलं.

"अहो, मागितली असतीत तर दिली असती."

"मागून घेतली तर ती होळी कसली, साळवी? तुमच्या गावी नाही नेत?"

"नेतात हो. पण गावी माणसं ओळखीची असतात."

दार लागलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते मोबाइल बघतात आणि मी मजल्यांचे आकडे. वर्षभर हेच. चरफडायचं तरी कोणावर? माणूस एक वाकडा शब्द बोललेला नाही!

यंदा म्हटलं, उलटं करू. होळीच्या संध्याकाळी माझं चांगलं सागवानी स्टूल दाराबाहेर ठेवलं आणि आत दाराला कान लावून उभा राहिलो. शिव्या तयार होत्या, अगदी ठेवणीतल्या. समोरचं दार उघडलं. पावलं स्टुलापाशी थांबली.

बेल वाजली.

"तुमचं स्टूल बाहेर राहिलंय," साळवी म्हणाले. "आत घ्या, कोणीतरी नेईल."

मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? स्टूल आत घेतलं आणि त्याच्यावरच बसलो.

"बघा, किती चांगला शेजार आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

चांगलाच आहे हो, तोच तर वांधा आहे! हल्ली कोणी घर कुठे विचारलं तर मी कोलशेतचा पत्ता देतो, कुरियरही बरोबर पोचतं. पण माझं घर तेच, जिथे ते स्टूल अर्धा ताससुद्धा टिकलं नसतं.