काका पोचवायला येतात

पाहुणा आला की खूश होणारी माणसं पुष्कळ असतात. पण पाहुणा जायला उठला की ज्यांच्या चेहऱ्यावर खरं तेज चढतं असे नवी मुंबईतल्या अख्ख्या उलव्यात एकच, आमच्या समोरच्या दारातले काका. मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेला, पण आलेल्या माणसाला दारातूनच निरोप द्यायचा नाही ही गावची रीत त्यांनी सोडली नाही. गेटपर्यंत जायचं, तिथे नव्याने गप्पा सुरू करायच्या आणि त्या संपत नाहीत म्हणून रिक्षास्टँडही गाठायचा. पाण्याचा फिल्टर खपवायला आलेल्या एका विक्रेत्याला त्यांनी काहीही न घेता इतक्या प्रेमाने पोचवलं, की पुढच्या आठवड्यात तो नुसताच भेटायला आला.

मागच्या वर्षी काकांना कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, ताप असेल त्या दिवशी आराम करा, एरवी झेपेल तेवढं रोज चाला, नाहीतर पायातली ताकद जाईल. घरी येईपर्यंत काकूंच्या लक्षात त्यातला फक्त आराम राहिला. त्यांनी काकांच्या चपला माळ्यावर टाकल्या. काका चुकून खाली दिसलेच, तर वॉचमन स्वतःची खुर्ची पुढे करी आणि सोसायटीतला जो तो म्हणे, 'टेन्शन घेऊ नका, पडून राहा.' खरं सांगायचं तर काकांनाही ते हळूहळू बरं वाटू लागलं होतं. थकवा असा, की आंघोळ केली तरी धाप लागे, आणि केस गेलेलं डोकं घेऊन चारचौघांत जायची लाज वाटे ती वेगळीच. महिन्याभरात पलंगावरून उठायलाही काकूंचा हात लागू लागला. हा माणूस आता असाच पडून राहणार, या विचाराने मला धडकी भरे.

शेवटी त्यांना उठवलं मेव्हण्यांनी. हे गृहस्थ शहाळी घेऊन साताऱ्याहून आले, तोंडाला मास्क लावून विश्रांतीवर तासभर बोलले आणि जायला निघाले. काका सवयीने उठले. "चला, गेटापतूर येतो."

"दाजी, तुमी पडा की."

"पाव्हण्याला दारातनंच वाटंला लावू व्हय?"

काकूंनी माळ्यावरून चपला काढून दिल्या. वाटेत बाकावर टेकत टेकत दोघं गेटला पोचले, तेव्हा मेव्हण्यांच्या मनात आलं, आजारी माणसाला एकटं परत कसं पाठवायचं? ते काकांना सोडायला लिफ्टपर्यंत आले. आता लिफ्टपर्यंत आलेला माणूस म्हणजे पुन्हा पाहुणाच. काका परत गेटकडे वळले. कोणीच माघार घेईना, तेव्हा काकूंनी गॅलरीतून आवाज दिला, "दोघंबी वर या, न्हायतर दोघंबी साताऱ्याला जावा."

त्या दिवसापासून काकांना वाट सापडली. कोणी पडून राहायला सांगायला आलं, की ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि सांगणाऱ्यालाच पोचवायला निघत. पाहुणे कमी पडू लागले तेव्हा ती जागा मी घेतली. रोज संध्याकाळी मी समोरच्या दारात जाई, चहा घेई, मग काका मला गेटपर्यंत पोचवत आणि आम्ही दोघं एकाच लिफ्टने आपापल्या घरी परत येत असू. पायात जोर येत होता. उठताना काकू हात द्यायच्याऐवजी आता नुसत्या बघत.

परवाचा डोस मात्र जड गेला. काकांचे डोळे सारखे मिटत होते, म्हणून मी आवाज न करता उठलो. तेही भिंत धरून उठले. "आज गेट न्हाय व्हायचं. तुमच्या दारापतूर येतो." आमच्या दोन दारांमधला तो एवढासा पॅसेज त्यांनी थांबत थांबत ओलांडला, माझ्या चौकटीला टेकले आणि म्हणाले, "उद्या या." त्यांना परत सोडायला जावं असं फार वाटलं. पण मी गेलो असतो, तर मला पोचवायला त्यांना पुन्हा यावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण त्यांच्यात नव्हतं. मी आत जाऊन दार लोटलं आणि त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.