दोन जहाजं, दोन नियम

आमच्या पलटणीला अंदमानचं पोस्टिंग आलं तेव्हा मी ऐन दुष्काळात गावी सुटीवर होतो. आमच्या देवणीचा जिल्हा नुकताच उस्मानाबादचा लातूर झाला होता. जिल्हा नवा मिळाला, पाणी तेवढं मिळायचं राहिलं.

नाईक व्यंकट मुखेडचा, माझ्याच सेक्शनमधला. अंदमानला जाताना जहाजाचा कठडा धरून म्हणाला, "एवढं पाणी, आन् एक घोट कामाचा न्हाई."

त्या प्रवासी जहाजावर नियम असा: धोक्याची घंटा झाली की खाली आपल्या बंकवर जायचं, उशाचं लाइफ जॅकेट घालायचं, मग डेकवर. जवानांच्या बायकापोरांकडूनही ते रोज घोटून घेतलं. पोस्टिंग संपून परतताना जहाज दुसऱ्या कंपनीचं होतं. तिथे जॅकेटं डेकवरच्या पेट्यांत. घंटा झाली की खाली उतरायचंच नाही. हे एकदा भोंग्यावरून सांगितलं, गडबडीत कुणी ऐकलं नाही.

सकाळी नाश्त्याच्या वेळी इंजिनरूममध्ये आग लागली. घंटा झाली. डेकवरची आमची कुटुंबं रांगेने जिना उतरून खाली गेली. शिकवलेलं इमानदारीने करत होती बिचारी.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "खाली कोण?"

"बायकापोरं, साहेब. आणतो," व्यंकट म्हणाला आणि उतरला.

तो एकेकाला वर ढकलत होता, मी जिन्याच्या तोंडाशी हात देत होतो. सगळे वर आले. व्यंकट धुरात गुदमरून गेला. माझा त्याच्यावर फार जीव होता, अजून आहे.

चौकशीत दोन्ही कंपन्या आपलाच नियम बरोबर म्हणून अडून बसल्या. मी दर सुटीत मुखेडला जायचो, आणि व्यंकटची माय पहिलं हेच विचारायची, "ते नियमाचं नीट केलं का रे बाबा?" मी म्हणायचो, "अजून न्हाई, माय."

एका उन्हाळ्यात मात्र एसटीतून उतरलो तो थेट तिच्या दारात. सांगितलं, कंपन्यांनी शेवटी ऐकलं, आता दोन्ही जहाजांवर जॅकेटं डेकवरच, नियम एकच, आणि जहाज सुटायच्या आधी सगळ्यांचं ड्रिल.

"म्हंजे घंटा झाली तरी खाली कुणी जात न्हाई?"

"न्हाई, माय."

ती म्हणाली, "आमचा व्यंकट तरीबी खाली गेलाच असता बघ. कुणी राहिलंय का, बघून याया."

"हाव, माय," मी म्हणालो. "गेलाच असता."